जुन्या गाडीचे ब्रेक अचानक गेले तर: पेडल ओळखा, मग पुढचं करा

मराठवाड्याचा मोठा भाग सपाट आहे. पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठानं गाडी चालवताना ब्रेकवर जोर द्यायची वेळ फार कमी येते. गावाच्या तोंडाशी असलेले गतिरोधक आणि मध्येच आडवी येणारी जनावरं, एवढंच काय ते. त्यामुळे जुन्या गाडीचा ब्रेक अधू झालेला असला तरी तो वर्ष-वर्ष लपून राहतो. मग तीच गाडी एक दिवस माणसं आणि सामान भरून धारूरचा घाट उतरायला लागते, किंवा कन्नडहून चाळीसगावला जायला औट्रम घाटात शिरते, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल तळाला टेकतं. दोष त्या वळणावर जन्मलेला नसतो, तो तिथं फक्त उघडा पडतो.

मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, इंडिका, सुमो, जीप अशी एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी ज्यांनी नुकतीच हाती घेतली आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. आधी चालत्या गाडीत काय करायचं ते पाहू. ते पाठच हवं, कारण ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात विचार करून काही सुचत नाही.

पहिल्या क्षणी काय करायचं नाही

चावी फिरवू नका. इंजिन बंद केलं की गाडी थांबेल असं वाटतं, पण त्यानं बूस्टरला (पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा डबा) मिळणारा व्हॅक्यूम (हवेची पोकळी) थांबतो आणि उरलासुरला ब्रेकही जड होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. चावी घाईत शेवटपर्यंत फिरून बाहेर आली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. मग गाडी वळवणंही हातात राहत नाही.

क्लच दाबून ठेवू नका. नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी चूक. घाबरलं की दोन्ही पाय आपोआप खाली जातात: उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो आणि उतारावर गाडी उलट वेग धरते. न्यूट्रलचंही तसंच. गिअर बदलण्यापुरता क्लच, तेवढं झालं की पाय वर.

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि ब्रेकचं पेडल पायाला कसं लागतंय ते ओळखा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पेडल चार तऱ्हांनी बोलतं

*पेडल मऊ लागतं किंवा तळाला जातं.* पटापट पंप मारा, पाच-सहा वेळा, पाय पूर्ण वर उचलून पुन्हा पूर्ण खाली. मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारं नळकांडं) रबरं झिजलेली असतील, पाइपात हवा धरली असेल किंवा मागच्या ड्रममधले (चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं) शू (त्याला आतून दाबून थांबवणारे तुकडे) फार लांब गेले असतील, तर प्रत्येक पंपाला थोडं थोडं तेल पुढे ढकललं जातं आणि तिसऱ्या-चौथ्या पंपाला पेडल वर येतं. वर आलं की सोडू नका, तसंच दाबून धरा. पंप मारूनही वर येत नसेल तर पेडल तळापर्यंत जोरानं दाबून धरा. बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाची दोन वेगळी सर्किटं असतात. मारुती ८०० मध्ये ती तिरपी वाटलेली आहेत: पुढचं एक चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक सर्किट फुटलं तर पेडल खूप खाली जातं, पण अगदी तळाशी दुसरं सर्किट पकडतं. ‘पेडल खाली गेलं म्हणजे संपलं’ असं समजून पाय उचलणाऱ्याला तो अर्धा ब्रेक मिळतच नाही. फार जुन्या जीप आणि अँबॅसिडरमध्ये मात्र एकच सर्किट असतं. तिथं पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

*पेडल दगडासारखं कडक लागतं.* इथं पंप मारायचा नाही. ब्रेक शाबूत आहे, गेलाय तो बूस्टर. इंजिन बंद पडलं असेल, व्हॅक्यूमची नळी निघाली किंवा चिरली असेल. बूस्टरमध्ये एक-दोनदा पुरेल इतका व्हॅक्यूम शिल्लक असतो आणि प्रत्येक पंपाला तो कमी होतो. म्हणून एकदाच, पाठ सीटला घट्ट टेकवून, गरज पडली तर दोन्ही पायांनी, अंगातला सगळा जोर लावून पेडल दाबा आणि धरून ठेवा. गाडी थांबते, पण अंतर जास्त लागतं. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवरच बसवलेला असतो. म्हणून डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ ब्रेक जड झाला, तर अल्टरनेटरचा पट्टा तुटला असं समजा आणि ब्रेकची ताकद आहे तोवर गाडी कडेला घ्या.

*पेडल नेहमीसारखं लागतं, पण गाडी थांबत नाही.* लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) फार तापलेत, ओले झालेत किंवा त्यांवर तेल आलंय. घाटात जळकट वास येत असेल तर तापल्याचीच खूण. ओढ्याच्या नळकांडी पुलावरून पाण्यातून गाडी काढली असेल तर ओल्याची. ड्रम ब्रेकमध्ये गेलेलं पाणी लवकर निघत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मागं-पुढं कुणी नाही हे पाहून, पहिल्या गिअरमध्ये दोन-तीनशे मीटर ब्रेक अगदी हलका दाबत गाडी चालवली की घर्षणाच्या उष्णतेनं शू वाळतात.

*पेडल खालीच जात नाही, मध्ये अडतं.* पेडलखाली काहीतरी आहे. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली, पुढे सरकलेली मॅट, चप्पल. वाकून हातानं काढायला जाऊ नका, नजर रस्त्यावरून निघते. पायाच्या टाचेनं मागे ओढा किंवा शेजारी बसलेल्याला काढायला सांगा. ड्रायव्हरच्या पायाशी बाटली ठेवायचीच नाही हा नियम गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

गिअर: जुन्या गाडीचा दुसरा ब्रेक

पेडलशी झुंजत असतानाच गिअर खाली आणायला सुरुवात करा. पाचव्यातून चौथा, चौथ्यातून तिसरा, असं एकेक करत. लहान पेट्रोल गाडीसाठी ढोबळ हिशेब असा: वेग ६० च्या आत आला की तिसरा, ४० च्या आत दुसरा, २० च्या आत पहिला. प्रत्येक गिअर टाकल्यावर क्लच सावकाश सोडा आणि इंजिननं गाडी ओढून धरल्याचं जाणवेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या.

८० वर थेट पहिला किंवा दुसरा टाकायचा प्रयत्न करू नका. बसला तर चाकं एकदम अडून गाडी घसरते, क्लच प्लेट किंवा टायमिंग बेल्टही तुटू शकतो. आणि बसला नाही तर तुम्ही न्यूट्रलमध्ये अडकता, जे सगळ्यात वाईट. उतारावर खालचा गिअर बसत नसेल तर न्यूट्रलमध्ये क्षणभर क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक हलका झटका द्या आणि लगेच क्लच दाबून गिअर टाका. इंजिनचे फेरे वाढतात आणि गिअर सहज बसतो. बऱ्याच जुन्या जीपमध्ये पहिला गिअर चालत्या गाडीत बसतच नाही, त्यामुळे त्या गाडीत दुसरा हाच शेवटचा समजून त्याच्यावर थांबा.

हँडब्रेक: बटण दाबलेलंच ठेवा

हँडब्रेक तेलावर चालत नाही, तो लोखंडी केबलनं मागच्या चाकांना धरतो. म्हणून तेलाचे सगळे पाइप फुटले तरी तो शिल्लक असतो. पण एकदम खेचला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. ओल्या रस्त्यावर किंवा मुरमाच्या साइडपट्टीवर तर नक्कीच.

पद्धत अशी. अंगठ्यानं दांड्याच्या टोकाचं बटण दाबून धरा आणि ते शेवटपर्यंत सोडू नका. आता दांडा हळूहळू वर ओढा. मागचं चाक घसरतंय असं वाटलं, टायरचा कर्कश आवाज आला की थोडा खाली सोडा, पुन्हा ओढा. बटण दाबलेलं असल्यामुळे दांडा कुठंच अडकत नाही आणि हाताला पेडलसारखी हुकमत मिळते. काही जुन्या जीपमध्ये डॅशबोर्डखाली ओढायची मूठ असते. तिथं मूठ फिरवलेल्या स्थितीतच धरून ओढायची, म्हणजे ती दातात अडकत नाही. हँडब्रेक सरळ रस्त्यावर वापरा. वळणात असाल तर आधी वळण काढा.

हे करताना हॉर्न वाजवत राहा, हेडलाइट आणि चारही इंडिकेटर लावा. समोरच्याला कळलं तर तो जागा देतो.

गाडी कुठं न्यायची

चढ मिळाला तर सोनं. फाट्यावर चढाचा रस्ता दिसला, तिथं वळण्याइतका वेग उतरलेला असला आणि समोर कुणी नसलं तर तिकडे वळा. चढ नसेल तर मऊ जमीन शोधा. नांगरलेलं काळं वावर गाडीला फार लवकर थांबवतं. उभी तूर किंवा कापूसही चालतो, पिकाची भरपाई देता येते. रस्त्याकडेची बाभळीची झुडपं काच फोडतील, पण वेग खातील.

एक गोष्ट मात्र बघायलाच हवी. काळ्या मातीतून जाणारे रस्ते भराव टाकून उंच केलेले असतात आणि नव्या चौपदरी रस्त्यांच्या कडेला तर पुरुषभर खोली असू शकते. अशा भरावावरून वेगात वावराकडे गाडी घातली तर ती उलटते. वावर रस्त्याच्या बरोबरीनं असेल तरच ते तुमचं, नाहीतर साइडपट्टीवरच गाडी ठेवा. बारीक मुरूम आणि माती असलेल्या साइडपट्टीवर एका बाजूची चाकं घातली तरी वेग उतरतो.

काही धडकणं अटळच असेल तर समोरासमोर धडकू नका, घासत न्या. दुभाजकाला, कठड्याला किंवा डोंगराच्या मातीला गाडीची कड हळूच टेकवा आणि घासू द्या. पत्रा जाईल, जाऊ द्या. खांब, झाड आणि पुलाचा कठडा जिथं सुरू होतो ते टोक टाळा. ऊसतोडीच्या हंगामात रात्री पुढे ट्रॅक्टर असेल, त्याला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, तर त्याच्या मागून धडकण्यापेक्षा रस्ता सोडणं बरं. ट्रॉलीचा मागचा भाग थेट काचेच्या उंचीवर येतो, त्यामुळे बंपर, बोनेट काहीच वाचवत नाही.

घाट उतरताना

घाटात ब्रेक जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तुटलेला पाइप नाही. कारण उष्णता. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरलं की लायनर आणि ड्रम तापतात, ती उष्णता व्हील सिलिंडरमधल्या (चाकातले शू ढकलणारं छोटं नळकांडं) तेलात जाते आणि तेल उकळतं. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग तुमच्या पायाचा जोर वाफ दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत पोचत नाही.

जुनं तेल लवकर का उकळतं ते समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गाडी घेतल्यापासून कुणी तेल बदललंच नसेल, मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतील आणि गाडीत आठ माणसं असतील, तर फर्दापूरच्या किंवा येडशीच्या उतारावरही ते उकळायला वेळ लागत नाही.

म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. वेग वाढला की ब्रेक एकदा ठामपणे दाबून ताशी १०-१५ किलोमीटरनं कमी करा आणि पाय पूर्ण उचला. हलका पाय ठेवून घासत राहू नका. पाय उचललेल्या वेळात ड्रमला हवा लागते. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणं हे तर मरणाला बोलावणं आहे.

नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडच्या रस्त्यांवर पायी जाणारे भाविक साइडपट्टी भरून चाललेले असतात. वर सांगितलेली पळवाट त्या दिवसांत तुमच्याकडे नसते. तेव्हा तुळजापूरचा घाट उतरताना दुसऱ्यापेक्षा वरचा गिअर टाकूच नका, आणि ब्रेकची शंका असेल तर त्या आठवड्यात गाडी काढूच नका.

गाडी थांबल्यावर

उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स गिअर, चढावर असेल तर पहिला. मग इंजिन बंद. उताराच्या बाजूनं चाकांखाली डोक्याएवढे दगड लावा. ड्रम फार तापले असतील तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. तापलेला ड्रम थंड होताना आकसतो आणि शू त्यात घट्ट अडकतात. माणसांना रस्त्यापासून दूर, बाजूला उभं करा; गाडीच्या मागे किंवा पुढे उभं करू नका. लाल त्रिकोण ५० मीटर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या आधी.

तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जातो. अर्धा-पाऊण तास तसंच थंड होऊ द्या. थंड झाल्यावर पेडल पुन्हा छान वर येईल. इथंच बहुतेक लोक फसतात. वाफ पुन्हा द्रव झाली, एवढाच त्याचा अर्थ. तेल तेच आहे आणि पुढच्या उतारावर ते पुन्हा उकळणार. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये ताशी २० च्या आत, जवळच्या गॅरेजपर्यंतच जा. आणि तेल गळत असेल किंवा पेडल तळालाच असेल तर एक फूटही चालवू नका. दोरीनं ओढून नेणंही धोक्याचं, कारण मागच्या गाडीला ब्रेक नसल्यानं ती पुढच्यावर जाते. चाकं उचलून नेणारी क्रेन किंवा वर चढवून नेणारी गाडी बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुणी जखमी असेल तर १०८, आणि इतर कुठल्याही संकटात ११२.

रस्त्यात कुणी सांगेल, ‘इंजिन ऑइल टाका’, ‘साबणाचं पाणी टाका’. इंजिन ऑइलनं ब्रेकची सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत एकूण एक वॉशर बदलावा लागतो. पाणी १०० अंशांवर उकळतं आणि आतून गंज चढवतं. फुटलेला पाइप ठोकून चपटा करून एक चाक बंद करायचा उपायही सुचवला जातो. त्यानं उरलेल्या चाकांना ब्रेक मिळतो खरा, पण ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढली जाते. नवशिक्यानं या वाटेला जाऊ नये.

घरी करायच्या तपासण्या

महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, सपाट जागी.

बोनेट उघडून मास्टर सिलिंडरवरची तेलाची पांढरट टाकी बघा. पातळी मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये हवी. पॅड (पुढच्या डिस्कला दाबून धरणारे तुकडे) झिजतात तशी ती हळूहळू उतरते, ते साहजिक आहे. आठवड्याभरात बोटभर उतरली तर कुठंतरी गळती आहे; नुसती भर घालून विषय संपवू नका. तेलाचा रंग मधासारखा असावा. काळ्या चहासारखा झाला असेल तर बदलायची वेळ कधीच होऊन गेली.

इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोरानं दाबा आणि ३० सेकंद धरा. पेडल सावकाश खाली सरकत असेल, आणि बाहेर कुठं थेंबही नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं गेली आहेत. तेल आतल्या आतच मागे फिरतंय. हा दोष सर्वांत फसवा, कारण टाकी भरलेलीच दिसते.

बूस्टरसाठी इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. हललंच नाही तर नळी, तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा बूस्टरचा पडदा तपासून घ्या.

चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवा. टायरची आतली भिंत किंवा ड्रमची मागची पाटी ओलसर, चिकट लागली तर व्हील सिलिंडर गळतोय. चाकाकडे जाणारे रबरी होज पाइप वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या, कुठं फुगवटा दिसला तर बदला. आमच्या मते जुन्या गाडीत पाच-सहा वर्षांनी होज बदलून टाकावेत, दिसायला चांगले असले तरी. मागच्या एक्सलवरचे लोखंडी पाइप जिथं क्लिपांत बसतात तिथं काळी माती साचून राहते, ओल धरते आणि पाइप तिथंच गंजतो. पावसाळा संपला की तो भाग धुऊन नीट बघायचा.

पुढच्या पॅडची जाडी तीन मिलिमीटरच्या खाली गेली की बदला. मागचे ड्रम वर्षातून एकदा उघडून घ्या, अ‍ॅडजस्टर फिरतोय का बघा. तो गंजून अडकला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं, पेडल खाली खाली येतं आणि हँडब्रेकही वरपर्यंत ओढावा लागतो. दांडा ओढताना आठ-नऊपेक्षा जास्त टक्-टक् होत असेल तर आधी शू जुळवून घ्या, मग केबल ताणा. आधी केबल ताणून काम भागवणारे बरेच असतात, त्यांना थांबवा. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपानं उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस (श्वासावाटे गेलं तर घातक) असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण झालं म्हणजे ब्रेक पुढची पाच वर्षं धडधाकट राहतील, असं कुणी धरून चालू नये. तेलात मुरलेलं पाणी त्या दिवशी कुणाला दिसत नाही.

तेल बदलणं आणि हवा काढणं

दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा. पहिल्यांदा मिस्त्रीसोबत उभं राहून करा. लहान गाडीला जुनं तेल पूर्ण काढायला एक लिटर धरा. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच तेल, सीलबंद बाटलीतलं. वर्षभरापूर्वी उघडलेल्या बाटलीतलं नको, तिनं ओल घेतलेली असते. डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

टाकीतलं जुनं तेल सिरिंजनं काढून नवं भरा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडच्या गाड्यांत ते बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तिरप्या सर्किटाच्या गाडीत क्रम वेगळा असू शकतो, तो गाडीच्या पुस्तकात बघा. चाकाच्या निपलला (हवा काढायची छोटी तोटी) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव वळसा सैल करायचं, तेल आलं की आवळायचं, मग ‘सोड’ म्हणायचं. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा उलट आत जाते. नळीत बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत, चाकामागे आठ-दहा वेळा. मधे मधे टाकी भरत राहा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत हे करताना पेडलखाली दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतो, पुढचा भाग गंजून खरखरीत झालेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की रबरं त्या खरखरीत भागावरून घासतात आणि फाटतात. ‘तेल बदललं आणि दुसऱ्या दिवशी मास्टर सिलिंडर गेला’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. सांडलेलं तेल लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं.

सराव

पीक निघालेलं सपाट रान किंवा बाजार नसलेल्या दिवशीचं आठवडी बाजाराचं मैदान निवडा. आधी उभ्या गाडीत इंजिन बंद करून चार वेळा ब्रेक दाबा, म्हणजे दगडासारखं पेडल कसं असतं ते पायाला कळेल. मग दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० वर, ब्रेकला पाय न लावता, बटण दाबून धरलेल्या हँडब्रेकनं गाडी थांबवा. पाच-सहा वेळा. त्यानंतर तिसऱ्यात ४० पर्यंत जा आणि फक्त गिअर उतरवत दुसरा, पहिला, शेवटी हँडब्रेक, असं थांबा. किती पावलांत थांबली ते मोजा. गाडीत एकटं असताना मोजा आणि पाच माणसं बसवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लक्षात ठेवा, आणि घाटात पुढच्या गाडीपासून अंतर ठेवताना दुसरा आकडा धरा.